डेव्हच्या निरोपाच्या मॅचचे पैसे

लोकांनी तुमच्यासाठी गोळा केलेले पैसे दुसऱ्या कुणी स्वतःच्या उत्पन्नात दाखवले आणि त्याला नुसती 'कागदावरची सोय' म्हटलं, तर तुम्ही त्या कागदावर सही कराल?

मला तशी सही करायला सांगितलं होतं. मे महिन्यातली मंगळवारची सकाळ होती. टेबलावर लीगला पाठवायचा फॉर्म होता. समोर क्लबचे चेअरमन केन बसले होते. टीमचा मॅनेजर मिक खिडकीशी उभा राहून रिकामं मैदान बघत होता. फॉर्मवर दोन सह्या लागतात, चेअरमनची आणि हिशेब ठेवणाऱ्याची. केननी सही केली होती आणि पेन माझ्याकडे सरकवलं होतं.

हिशेब ठेवणारी मी. मूळची नागपूरची. मँचेस्टरला अकाउंटिंग शिकले आणि केनच्या टाइल्सच्या कंपनीत लागले. वर्क परमिट त्या कंपनीचंच. केनना दोन गोष्टींचं वेड, टाइल्स आणि फुटबॉल. गावचा क्लब त्यांनी विकत घेतला होता. पहिल्याच वर्षी ते म्हणाले, "आठवड्यातले दोन दिवस क्लबचे हिशेब बघ, यंग लेडी." तशी मी फुटबॉलमध्ये आले. ऑफसाइड म्हणजे काय हे मला त्यानंतर वर्षभराने कळलं.

टीव्हीवर दिसणारं फुटबॉल विसरा. लँकेशायरमधल्या जुन्या गिरण्यांच्या गावातला आमचा क्लब वरून चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळतो. खेळाडू स्वतःच्या मोज्यांची पिशवी स्वतः उचलतात. अशा क्लबांची जुनी खोड म्हणजे ऐपतीबाहेर पगार द्यायचे आणि मग बुडायचं. म्हणून लीगने सॅलरी कॅप आणली. वर्षाला शंभर पौंड उत्पन्न असेल तर त्यातले साठच खेळाडूंच्या पगारावर खर्च करायचे. साठाच्या वर गेलात तर लीग नव्या खेळाडूची नोंदणीच करत नाही. माझ्या मते फुटबॉलमधला हा सर्वांत शहाणा नियम आहे. मिकच्या मते तो अशा माणसाने केलाय ज्याने आयुष्यात बॉलला पाय लावला नाही.

मे महिन्यात सीझन संपतो आणि टीम मोडून पुन्हा बांधायची वेळ येते. प्रत्येक क्लब 'रिटेन्ड लिस्ट' काढतो, म्हणजे कोण राहणार आणि कोण जाणार याची यादी. आमच्या यादीत जाणाऱ्यांमध्ये पहिलं नाव डेव्हचं होतं. डेव्ह आमचा कॅप्टन, वय चौतीस. दहा वर्षं एकाच क्लबात काढलेली. डावा गुडघा दोनदा कापून झालेला. मिकने त्याला स्वतः घरी जाऊन सांगितलं. डेव्हनेच चहा केला, आणि मिकला घरी सोडायलाही तोच गेला म्हणे, कारण मिकला गाडी चालवण्याइतकं सुचत नव्हतं.

दहा वर्षं एका क्लबात खेळलेल्या खेळाडूचा मान म्हणून एक मॅच ठेवायची इथे रीत आहे. तिला टेस्टिमोनियल म्हणतात. शेजारचा मोठा क्लब फुकट खेळायला येतो, गाव तिकीट काढतं आणि खर्च वजा जाता सगळे पैसे त्या खेळाडूचे. ही मॅच क्लब नाही, गावातल्या लोकांची वेगळी कमिटी भरवते. डेव्हच्या कमिटीत एक रिटायर्ड पोस्टमन होता, एक न्हावी आणि एक शाळामास्तर. मॅच जुलैत होती. त्या पैशांतून डेव्हला ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरचा कोर्स करायचा होता आणि शिकवायची गाडी घ्यायची होती, ज्यात मास्तरच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस. दोन मुली. त्याने मला विचारलं होतं, "एक क्लच दाबण्याइतका गुडघा शाबूत आहे ना गं?" मी म्हटलं होतं, आहे.

आता माझी चूक सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

एप्रिलमध्ये मिकने विचारलं होतं, पुढच्या सीझनला कॅपमध्ये जागा किती? त्याच्या डोळ्यांसमोर एक स्ट्रायकर होता आणि एक मिडफिल्डर. मी हिशेब करून सांगितलं, दोघं बसतात. मिकने स्ट्रायकरला शब्द दिला आणि हात मिळवला. मिकच्या जगात कॉन्ट्रॅक्ट नंतर होतं, खरा करार हात मिळवण्याचा. मे महिन्यात फॉर्म भरताना चूक माझ्या लक्षात आली. बारच्या विक्रीचा कागद मी बार सांभाळणाऱ्या बाईंकडून जसाच्या तसा उचलला होता. त्या गल्ल्यातले पैसे मोजून लिहायच्या, म्हणजे त्यात व्हॅट धरलेला असायचा. व्हॅट सरकारचा असतो. शंभरातले जवळपास सतरा पौंड आपण फक्त पोचते करायचे असतात, ते उत्पन्न नव्हे. हे मला परीक्षेला होतं आणि मी त्यात पहिली आले होते. तरी चुकले. नऊ हजार पौंड उत्पन्न जास्त दाखवलं होतं. तेवढं वजा केलं की कॅप ओलांडली जात होती. लीगने स्ट्रायकरची नोंदणी केली नसती आणि मिकचा शब्द पडला असता.

माझे बाबा बँकेत क्लार्क होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी मागण्यांची पत्रकं वाचायला शिकले. एका पत्रकात महागाई भत्त्याचा एक आकडा चुकला म्हणून बाबांनी अख्खा गठ्ठा रद्दीत टाकलेला मी पाहिलाय. ते म्हणायचे, एक आकडा चुकला की मॅनेजमेंट बाकीचे नऊ वाचत नाही. म्हणून त्या सोमवारी मी स्वतःहून केन आणि मिकला गाठलं आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. मिक उठून बाहेर गेला.

मंगळवारी केननी उपाय आणला. डेव्हची मॅच आपल्याच मैदानावर आहे, म्हणाले. प्रेक्षक आपल्याच गेटमधून आत येणार. मग ते गेटचे पैसे आपल्या उत्पन्नात धरले तर बिघडलं कुठे? नऊ हजार सहज भरून निघतील.

मी म्हटलं, "ते पैसे डेव्हचे आहेत."

"अर्थात डेव्हचेच. आपण त्याला देणारच आहोत."

मग मी त्यांना फुटबॉलच्या हिशेबाची बाराखडी सांगितली. पैसे एकदा क्लबचे दाखवले की ते डेव्हला देताना क्लब देतोय असं होतं. क्लबने खेळाडूला दिलेला पैसा म्हणजे पगार. त्यावर टॅक्स लागणार, आणि लोकांनी प्रेमाने दिलेल्या पैशांतला मोठा घास टॅक्सवाले नेणार. शिवाय तो पगार कॅपमध्येही मोजला जाणार, म्हणजे एका खिशात आलेलं दुसऱ्या खिशातून जास्तच जाणार.

केन माझ्यापेक्षा पुढचं बघून आले होते. "या वर्षी द्यायचेच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात देऊ. तोवर डेव्ह आपला खेळाडू नसेल, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. कागदावरची सोय आहे, यंग लेडी. कुणाचं काही जात नाही."

"डेव्हचं वर्ष जातं."

केननी पेनाला टोपण लावलं. मग अगदी सहज विचारलं, "तुझं परमिट कधी रिन्यू करायचंय? ऑक्टोबर?"

मिकने खिडकीतून वळून पाहिलं. मी म्हटलं, हो, ऑक्टोबर. आणि फॉर्म उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पाठवायला अजून तेरा दिवस होते.

मला भीती वाटली नाही असं मी लिहिणार नाही. शिवाय एक गोष्ट आतून टोचत होती. सही केली असती तर माझीच चूक झाकली गेली असती. खोट्याला लोक स्वार्थाने हो म्हणतात असं मी बाबांच्या पत्रकांत वाचलं होतं. पण इथे स्वार्थ माझा होता आणि तो दिसायला फार सभ्य होता.

गुरुवारी डेव्ह ऑफिसात आला. लॉकरची किल्ली परत करायला, असं म्हणाला. किल्ली ठेवली, खुर्चीत बसला, डावा पाय लांब केला.

"केननी सांगितलं अडचण आहे म्हणून. धरा माझे पैसे, लव्ह. स्ट्रायकर यायला हवा. लॅड्सचं, पोरांचं नुकसान नको." लव्ह इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात.

"कोर्सची फी कधी भरायचीय?"

"सप्टेंबर."

"आणि पैसे कधी मिळणार, ते सांगितलं का त्यांनी?"

त्याने गुडघा चोळला. "पुढच्या उन्हाळ्यात. काढू वर्ष कसंतरी. मेहुण्याच्या व्हॅनवर काम आहे, पार्सलं पोचवायची."

पार्सलं पोचवायची म्हणजे दिवसाला शंभर जिने. तो गुडघा घेऊन. दहा वर्षं टीमसाठी पुढे होणाऱ्या माणसाला 'टीमसाठी करशील का' असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच. त्याचा होकार आधीच घेऊन ठेवलेला असतो. मला केनचा खरा राग आला तो तेव्हा.

मी त्याला म्हटलं, "तुला चालेल रे, मला नाही चालणार. चूक माझी आहे. व्हॅट मी मोजला, तू नाहीस."

तो हसायला लागला. म्हणाला, "मी या क्लबसाठी तीन ओन गोल मारलेत." म्हणजे आपल्याच जाळीत बॉल मारून समोरच्यांना गोल बहाल केले. "एक तर कपच्या मॅचमध्ये, शेवटच्या मिनिटाला. गाव अजून विसरलं नाही."

"मग स्कोअरबोर्डवर काय लिहिलं?"

"काय लिहिणार? झालं ते लिहिलं."

"मग माझाही तसाच लिहायचाय."

त्याने किल्ली उचलली, परत ठेवली आणि उठला. "ठीक. केनना मी सांगतो, माझं हो परत घेतलंय म्हणून." दारात थांबून म्हणाला, "पण स्ट्रायकर आण."

स्ट्रायकर आणायचा म्हणजे नऊ हजारांचं खरं उत्पन्न शोधायचं. क्लबच्या प्रत्येक गोष्टीची मी यादी केली. तिकिटं, कार पार्क, जाहिरातींचे बोर्ड, सगळं आधीच पिळून झालेलं. उत्तर रविवारी सापडलं आणि तेही भलत्याच ठिकाणी.

आमच्या भागातल्या हॉस्पिटलांत मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत, त्यामुळे मंडळही आहे. त्या रविवारी महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. रात्री साडेआठला शाळेचा केअरटेकर हॉल बंद करायला किल्ल्या खुळखुळवत दारात उभा राहिला. लावणीवाल्या दोन ज्युनिअर डॉक्टर बायका नाच अर्ध्यावर टाकून शूज शोधायला लागल्या. मी खुर्च्या रचत होते. मंडळाच्या अध्यक्ष पाटणकरकाकू भूल देणाऱ्या डॉक्टर आहेत. त्या श्रीखंडाच्या डब्याची झाकणं लावत होत्या.

मी म्हटलं, "काकू, आमच्या क्लबचा हॉल रविवारी रिकामाच असतो."

"ठाऊक आहे मला. मी फोन केला होता, तू यायच्या आधी. बाहेरचं खाणं आणता येणार नाही म्हणाले. आता दिवाळी काय यांच्या मीट पाई आणि चिप्सवर करायची?"

"आणि आणू दिलं तर?"

काकूंनी झाकण तसंच हातात धरलं. "अगं, मग आम्हीच काय, गुजराती समाज येईल, तमिळ येतील, मलयाळी नर्सेसचा ओणम आहे. सगळे या केअरटेकरला कंटाळलेत. पण तुझ्या त्या चेअरमनला विचार आधी."

सोमवारी विचारलं. केनना नियम कुणी केला ते आठवत नव्हतं. लग्नांच्या पार्ट्यांत लोकांनी क्लबच्या किचनमधूनच खावं म्हणून कधीतरी केलेला. लग्नं बंद होऊन जमाना झाला होता, नियम मात्र राहिला होता.

"जेवण ते आणणार," केन म्हणाले. "मग आपण विकायचं काय?"

"छप्पर. आणि किल्ल्या न वाजवणं."

मिकला हसू आलं. आठवडाभरात तो पहिल्यांदाच हसला होता.

पाटणकरकाकूंनी हॉस्पिटलच्या नोटिसबोर्डवर एक कागद लावला. सहा दिवसांत सह्यांनिशी बुकिंग्ज आली. गणपती, नवरात्र, दिवाळी, ओणम, पोंगल, तीन बारशी, एका सर्जनचा रिटायरमेंटचा कार्यक्रम. तोंडी कबूल केलेली मी एकही धरली नाही. फक्त सही केलेली आणि त्याच सीझनमधली धरली. व्हॅटचं काय होतं ते दोनदा तपासलं आणि तिसऱ्यांदा टाइल्स कंपनीच्या ऑडिटरकडून तपासून घेतलं. साडेसहा हजार झाले. नऊ नाही, साडेसहा.

उरलेल्यासाठी मी मिककडे गेले. नव्या मिडफिल्डरचा एक महिन्याचा पगार वाचला तर हिशेब बसत होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट जुलैऐवजी ऑगस्टपासून करता येईल का, असं विचारलं. मिक चांगलाच वैतागला. प्री-सीझन म्हणजे सीझनआधीचा सराव चुकला तर तो मला ख्रिसमसपर्यंत धापा टाकत मिळेल, म्हणाला. मग म्हणाला, "तू चुकलीस ते स्वतःहून सांगितलंस. आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे लोक पंचाला दोष देतात." आणि मिडफिल्डरला फोन करायला गेला.

नवा फॉर्म केननी ओळीओळीने वाचला. डेव्हच्या मॅचचा त्यात उल्लेख नव्हता. त्यांनी सही केली, पेन माझ्याकडे सरकवलं. मी सही केली. लीगने स्ट्रायकरची नोंदणी केली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी आणि सर्वांत आवडती सही आहे.

जुलैतल्या शनिवारी डेव्हची मॅच झाली. स्टँड भरलं होतं. गेली काही वर्षं तोंड न दाखवलेली माणसं आली होती. डेव्ह बारा मिनिटं खेळला. मग दोन्ही मुलींचे हात धरून मैदानाला फेरी मारली. ओन गोलची आठवण म्हणून मागच्या स्टँडने मुद्दाम त्या गोलाचा जल्लोष केला आणि त्याने टोपी काढून सलाम केला. मॅचनंतर पोस्टमन, न्हावी आणि मास्तर टेबलाशी बसून पैसे मोजत होते. मी मदत करू का विचारलं. मास्तर म्हणाले, "सॉरी, क्लबच्या माणसाला या टेबलाजवळ बसता येणार नाही." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासाठी चहा आणून दिला. तोही दुरूनच.

सप्टेंबरमध्ये डेव्हने फी भरली. आता त्याच्याकडे गाडी आहे आणि तिच्यावर लाल अक्षरात एल लावलेला आहे. मी त्याची चौथी विद्यार्थिनी. राउंडअबाउटवर तो अजूनही माझ्याआधी ब्रेक दाबतो. दिवाळीला हॉल भरला तेव्हा केन आले, चकल्या खाल्ल्या आणि पाटणकरकाकूंना म्हणाले की हा नियम बदलायची कल्पना आपली स्वतःचीच होती. काकूंनी आणखी एक चकली वाढली. परमिटचा कागद केननी ऑक्टोबरमध्ये कुरकुर न करता सही करून दिला. स्ट्रायकरने पहिल्या सहा मॅचमध्ये एकही गोल मारला नाही. तो माझ्या खात्यात धरू नये.

यातून मी एवढं शिकले की लबाडी बहुतेक वेळा खर्चाच्या बाजूला नसते. तिथे सगळे भिंग घेऊन बसलेले असतात. ती जमेच्या बाजूला असते, कारण पैसा आलेला बघून कुणीच विचारत नाही की तो कुणाचा. आणि ज्याचा असतो तो बहुधा इतका भला असतो की मागत नाही.

म्हणून एक करा. तुमच्या मंडळाची, सोसायटीची, शाळेच्या पालक संघाची पुढची वार्षिक सभा चुकवू नका. हिशेबाचा कागद हातात आला की समोशांचा खर्च सोडा, जमेच्या ओळी वाचा. जिथे शंका येईल तिथे बोट ठेवा, उभे राहा आणि विचारा, "हे पैसे कुणाचे?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.